पहिल्या रांगेतली मंडळी

लोक लडाखला जाऊन येतात आणि लिहितात. मी ठाण्याच्या नौपाड्यापासून टिटवाळ्यापर्यंत जाऊन आलोय, आणि हसू नका, मलाही लिहायचंय. टिटवाळ्याला सकाळी निघालेला माणूस गणपतीचं दर्शन घेऊन दुपारी जेवायला घरी परत येतो. आम्हाला चार दिवस लागले, कारण वाटेत आम्ही गात होतो.

आम्ही म्हणजे मी आणि ऋतुजा. मी स्वतःची गाणी लिहितो, स्वतःच चाली लावतो, घरातल्या कपाटाला आतून गाद्या लावून त्यात रेकॉर्ड करतो आणि स्वतःच नेटवर चढवतो. कंपनी नाही, मॅनेजर नाही. कुणी विचारलं तर मी ‘इंडिपेंडंट’ म्हणतो, आमचे काका ‘रिकामटेकडा’ म्हणतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत. ऋतुजा कॅहॉन वाजवते, म्हणजे एका लाकडी खोक्यावर बसून त्याच खोक्यावर थापा मारते. ती कल्याणची. तिच्या वडिलांची चौदा एप्रिलच्या जयंतीला गाणारी पार्टी होती, त्यामुळे स्टेज, माइक, अचानक गेलेली लाइट यातलं काहीच तिला नवीन नाही. शिवाय तिच्याकडे व्हॅन आहे.

बँकेच्या बॅक ऑफिसातली नोकरी सोडल्यावर मी बरीच वर्षं मुंबईतल्या हॉटेलांत दुसऱ्यांची हिंदी गाणी गायलो. तिथे लोक तुमच्याकडे पाठ करून जेवतात. मग स्वतःची मराठी गाणी गायला लागलो, तर लोक जेवायचेही थांबले आणि निघूनच जायला लागले. तरी मी चालू ठेवलं. आई या सगळ्यात कधी ऐकायला आली नाही. तिचा विरोध नव्हता. “मुंबैपर्यंत कोन येतंय? ठान्याच्या इकरं कुठं असलं त सांग, येईन,” असं ती म्हणायची. आमचं गाव डोंबिवली-कल्याणच्या मधलं, त्यामुळे इकडे म्हणजे हाच पट्टा. पण ठाण्याच्या इकडे मला कुणी बोलावलंच नाही. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि त्यानंतर मी हा दौरा ठरवला. मुद्दाम ठाण्यापासून सुरू करून फक्त इकडे.

दौऱ्यातलं मुख्य गाणं ‘मांडव’. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आगरी लग्नांत धवले गाणारी बाई असते, तिला धवलारीण म्हणतात. ती गाऊन देवांना लग्नाला बोलावते आणि घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलावते. माझी आत्या आमच्याकडची नावाजलेली धवलारीण. चुलतभावाच्या हळदीत मी तिला विचारून तिचं गाणं फोनवर घेतलं. नुसता आवाज घेतोय म्हटलं, तरी तिने पदर नीट केला आणि मगच सुरू केलं. मध्येच माझ्या फोनची जागा संपली. ‘येवा गो येवा, मांडव घातलाय’ एवढं बोलावणंच त्यात आलं, पुढचं राहिलं. पण तेवढा तुकडा इतका सुंदर होता की मी तो उचलून माझ्या गाण्यात घातला. दर कडव्यानंतर तिचा आवाज लॅपटॉपवरून पुन्हा पुन्हा फिरतो. माझं आयुष्यातलं पहिलं गाणं, जे लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. आत्याला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “आवाज अजून पोरीसारका हाय माजा.” एवढंच. खूश होती.

नौपाडा, शनिवार

संध्याकाळचा कार्यक्रम एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. खाली दवाखाना, शेजारी साड्यांचं दुकान. आम्ही आधी मिसळ खाल्ली. तिथे मिसळीबरोबर न मागता दही देतात, आणि तिखट सोसलं नाही तर लाज वाटू नये म्हणून देतात, असं ऋतुजाचं मत. आयोजक साने बाई, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं, की निवेदन थोडक्यात करा, आमच्याकडे लोक निवेदनाला कंटाळतात, गाण्याला नाही.

हॉल मागून भरला. पुढची रांग सगळी रिकामी. गाणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या किती बोचतात हे ज्याने गायलंय त्यालाच कळेल. दुसऱ्या रांगेपासून माणसं आणि माझ्या नाकासमोर नुसतं पांढरं प्लास्टिक. मी मनात म्हटलं, आपलीच माणसं मिळाली, पण तीही दोन हात लांबून.

‘मांडव’ झालं, टाळ्या पडल्या. नौपाड्यात टाळ्या मोजूनमापून पडतात, सगळ्या एकदम सुरू आणि सगळ्या एकदम बंद. आमच्या गावात गाणं आवडलं तर कुणी टाळ्या वाजवत नाही, उठून नाचतात नाहीतर गाणारा कुणाचा कोण हे विचारतात. नंतर साने बाई चहाचा कप घेऊन आल्या.

“पहिली रांग तुमच्या गावच्या मंडळींनी भरून टाकली. फार बरं वाटलं. किती शांत बसली होती.”

मी म्हटलं, “कोणती मंडळी?”

“अहो, तीच. फक्त चपला बाहेर काढायची सक्ती नव्हती हो आमच्याकडे. बहुतेक सगळे अनवाणीच आले होते. पुढच्या वेळी सांगा त्यांना.”

मला वाटलं बाईंना टोमणा मारायचाय, पण तो कसा मारतायत ते समजेना. मी हसलो. खुर्च्या रचताना पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीच्या हाताला पिवळं बोट लागलेलं दिसलं. मिसळीचा रस्सा असेल म्हणून मी ते रुमालाने पुसलं. वास हळदीचा होता.

डोंबिवली, रविवार

डोंबिवलीत एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळचा कार्यक्रम. इथले लोक सकाळी गाणं ऐकतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी त्या गाण्यावर चर्चा करतात. पोहे आधी की गाणं आधी यावर सेक्रेटरी आणि खजिनदार यांची माझ्यासमोरच जुंपली. शेवटी दोन्ही एकदम असं ठरलं. कार्यकर्त्या बायका प्लेटा घेऊन रांगांतून फिरायला लागल्या आणि मी गायला लागलो.

पहिली रांग पुन्हा रिकामी. पण बायका त्या रांगेतूनही गेल्या, आणि दर खुर्चीपाशी थांबून, थोडं वाकून, एकेक प्लेट ठेवत गेल्या. आपण कुणाच्या हातात प्लेट देतो तसं. मी तेव्हा दुसऱ्या कडव्यात होतो. रिकाम्या खुर्च्यांवर पोह्यांच्या प्लेटा, वर शेव आणि लिंबाची फोड, आणि वाफ. आत्याचा आवाज लॅपटॉपवरून सुरू झाला, ‘येवा गो येवा’, आणि सगळ्या प्लेटांची वाफ एकदमच थांबली. मागच्या रांगेतली चालूच होती. माझा पुढचा शब्द चुकला. ऋतुजा सांभाळून घेईल असं वाटलं, पण तिचीही थाप चुकली, आणि ऋतुजाची थाप चुकत नाही.

सेक्रेटरी सावंत नंतर नाराज होते. “गाणं झकास. पण तुमच्या लोकांनी पोह्यांना हात नाही लावला, राव. आवडले नाहीत तर नको म्हणायचं ना. नुसते समोर ठेवून बसले.”

मी विचारलं, “सावंतसाहेब, कोण कोण होतं पुढे? मला उजेडामुळे दिसत नव्हतं.”

“मला काय माहीत, तुमची माणसं. म्हातारी मंडळी जास्त. एक बाई मात्र मस्त होत्या. चष्म्याला पांढरा दोरा बांधलेला. मांडीवर ताल धरत होत्या, तुमच्या जरा आधीच. असं वाटत होतं, तुम्हालाच घाई करतायत.”

मी क्लबहाउसच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. आईचा चष्मा एकदा तांदूळ निवडताना सुपात पडला होता, तेव्हापासून त्याला पांढरा दोरा होता. आणि ती कायम तालाच्या पुढे असायची. आरतीतसुद्धा. आम्ही तिला चिडवायचो, की देव अजून आला नाही आणि तुझी आरती संपली. मी तिथे बसून रडलो, खोटं कशाला बोलू. भीती वाटली का, तर वाटली. पण त्याहून जास्त वाटलं ते हे, की ती आली. ठाण्याच्या इकडे होतं, म्हणून आली.

कल्याण, सोमवार

खाडीच्या बाजूला एक नवीन कॅफे आहे, भिंतीवर गिटारी टांगलेल्या, ज्या कुणी वाजवत नाही. मालक चांगला माणूस, पण कॉफीचं मशीन गाण्याच्या मधेच घरघरवतो. कल्याणचे प्रेक्षक तोंडावर बोलतात. एकाने पहिल्याच गाण्यानंतर सांगितलं, “भाई, जरा उडतं काहीतरी लाव ना.” डोंबिवलीत हे कुणी बोललं नसतं, मनात ठेवून घरी नेलं असतं.

मी ‘मांडव’ गायलो. डोळे पुढच्या टेबलांवर लावून गायलो, एकदाही पापणी न मिटता, पण मला रिकाम्या खुर्च्यांशिवाय काही दिसेना. सगळ्या गावाला माझी आई दिसते आणि मला दिसत नाही, याचा मला भयंकर राग आला. म्हणून मी ते गाणं पुन्हा घेतलं. वन्स मोअर कुणी मागितलेला नव्हता. आत्याचा आवाज आधीपेक्षा जास्त वेळ फिरवला. कॅफेतल्या लोकांनी आपापल्या खुर्च्या मागे ओढायला सुरुवात केली, पुढे अजून माणसं येतायत म्हणून जागा करतात तशी. शेवटी सगळं पब्लिक मागच्या भिंतीला टेकलं आणि माझ्यासमोर अर्धा कॅफे मोकळा.

सामान व्हॅनमध्ये टाकल्यावर ऋतुजा गाडी सुरू करेना.

“तुला विचारू? हसायचं नाही.”

“नाही हसत.”

“आमच्या घरात भूतबित चालत नाही. आम्ही बावीस प्रतिज्ञावाले. बाबांना कळलं तर घरात घेणार नाहीत.” ती स्टीअरिंगकडे बघत होती. “पण मी वाजवताना खाली बघते ना. मला पाय दिसतात. तिन्ही दिवस. पांढरे, घोट्याच्या वरपर्यंत, आणि टाचा फाटलेल्या. आज कितीतरी होते. बसायला जागा नव्हती त्यांना.”

ते पांढरं काय हे मला सांगावं लागलं. आमच्या घरातली आधीची सगळी माणसं मिठागरात राबली. मीठ पायात मुरतं. मेल्यावर चितेतही ते पाय लवकर जळत नाहीत, असं आमच्यात म्हणतात.

“एकीच्या पायात निळी स्लिपर होती,” ऋतुजा म्हणाली. “तेवढीच चप्पल सगळ्यांत.”

ती स्लिपर आईची, घरातसुद्धा तिच्या पायात असायची. मी ऋतुजाला ते सांगितलं, आणि उद्या टिटवाळ्यात मी ‘मांडव’ तीनदा घेणार हेही सांगितलं. ती म्हणाली, तू वेडा आहेस. मग तिने गाडी सुरू केली.

आत्याकडे, मंगळवार सकाळ

गावठाणातली आमची घरं पडून टॉवर झाले. आत्या चौथ्या मजल्यावर राहते, एकटी. लिफ्ट असूनही जिन्याने येते, कारण लिफ्टमध्ये आवाज दबतो म्हणे. सकाळी तिचा फोन आला, पण पलीकडून नुसती फुसफुस. म्हणून आम्ही टिटवाळ्याला जायच्या आधी तिच्याकडे गेलो.

हॉलमध्ये सगळीकडे चटया अंथरलेल्या. सोफा भिंतीला लावलेला. चटयांवर ओळीने पाण्याने भरलेले स्टीलचे पेले. आत्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, शेजारी भाकऱ्यांची चळत, आणि परातीत अजून तांदळाचं पीठ. चार दिवसांत ती अर्धी झाली होती. डोळे खोल गेले होते.

“कोण येणार आहे गं एवढं?”

“येनार काय? आलेत.” तिचा आवाज गेलेला होता. कुजबुजल्यासारखी बोलत होती, तेही मोठ्या कष्टाने. “शनवारपास्नं येतान. माज्या आवाजानं बोलवलं ना, मग माज्याकरं येनार. काल दोनदा आले. पोरी, तू खाली बस, उभी नको ऱ्हाऊस. बाला, तू पन.”

आम्ही चटईच्या कडेला बसलो. तिने आमच्यासमोर भाकरी आणि जवळ्याची चटणी ठेवली. मी पेल्याला हात लावला. फ्रिजमधून काढल्यासारखा गार.

“सारके इचारतान, नवरी कुठं हाय. मी सांगतंय, येल, येल.” ती जरा हसली. “किती दिस सांगू? लगीन नाय, नवरी नाय, आन बोलावनं चालूच. तुज्या त्या पेटीला दमच नाय.”

मग तिने सांगितलं. हळदीच्या दिवशी बोलावलेल्यांना लग्न लागल्यावर परत धाडायचं असतं. एकेकाचं नाव घेऊन, जेवलात ना, आता जावा, असं गाऊन. चुलतभावाच्या लग्नानंतर तिने धाडलंही होतं. पण माझ्या फोनची जागा हळदीतच संपली होती. माझ्या गाण्यात ते नव्हतंच, नुसतं बोलावणं होतं, ते दर कार्यक्रमात.

“आन नाय धाडलं तर?” मी तिच्याच बोलीत विचारलं. घरी आलो की मीही तसाच बोलतो.

“नवरी नाय गावली तर गानारीला नेतान.” तिने पीठ लागलेला हात पदराला पुसला. “मना भ्या नाय. पन अजून माजी टीवी नवीन हाय रं.”

ऋतुजाने भाकरीचा घास तसाच हातात धरला होता. मी आत्याचे हात बघत होतो. मी काल रात्रभर आईसाठी आनंदात होतो, आणि त्या आनंदाचं सगळं ओझं इथे या बाईच्या अंगावर पडत होतं. तिला घशातून सूर काढता येत नव्हता. धाडायचं गाणं मलाच गावं लागणार होतं. तिने ते मला कुजबुजून शिकवलं, ताल मांडीवर, आणि नावं सांगितली. नावं मला माहीत होतीच, श्राद्धाला ऐकलेली.

“येक पन सोरू नको,” ती म्हणाली. “जो ऱ्हाईल तो वाट बगत बसल.”

शेवटचं नाव तिने सांगितलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं.

टिटवाळा, मंगळवार दुपार

मंगळवार म्हणजे टिटवाळ्यात गणपतीची गर्दी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेढे, जास्वंदीचे हार. आमचा कार्यक्रम त्या गर्दीपासून लांब, शेतात उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरांच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या अंगणात. टॉवर उंच, पण निम्म्या बाल्कन्यांत कपडे नाहीत. राहायला आलेली कुटुंबं लहान मुलांना घेऊन खाली आली. टळटळीत ऊन, वर मंडप, आणि पहिली रांग रिकामी. एक छोटी मुलगी त्या रांगेकडे धावत आली, थबकली, आणि “सॉरी” म्हणून परत आईकडे गेली.

लॅपटॉप मी उघडलाच नाही. ‘मांडव’ एकदाच गायलो, आत्याच्या जागी मीच गायलो, आणि बोलावण्याच्या ठिकाणी धाडायचं गाणं धरलं. ‘जावा गो जावा, जेवून जावा, पाठी नका बघू.’ आजा, आजी, पणजी, मिठागरात फिट येऊन गेलेला चुलता, बाळंतपणात गेलेली दुसरी आत्या. एकेका नावाला एकेक खुर्ची जरा मागे सरकत होती. फरशीवर खुर्चीचा पाय घासतो तो आवाज माइकमध्ये येत होता, आणि मागचे लोक कोण उठलं ते मान वळवून बघत होते. ऋतुजा खाली बघून वाजवत होती. तिचे ओठ पांढरे पडलेले.

सगळी नावं घेतली. एक नाही घेतलं. मला घेववलं नाही, बस्स. तीन दिवसांपूर्वी आलेल्या आईला मी हाकलून कसं देऊ? मी गाणं तिथेच थांबवलं. टाळ्या झाल्या. टिटवाळ्याच्या लोकांनी पेढे दिले आणि पुन्हा यायला सांगितलं.

मी वायरी गुंडाळत असताना फोन वाजला. आत्या. आवाज फुटका होता, पण आवाज होता.

“सगले गेले,” ती म्हणाली. “चटया गोला केल्या. पन वयनी हाय.”

तिची वहिनी म्हणजे माझी आई. मी वायरी खाली ठेवल्या.

“सोफ्यावर बसलीय. चा केला तिला. पीत नाय, धरून बसलीय.” ती थांबली, खोकली. “ती सांगतंय, गाना चांगला हाय. पन दुसरा कडवा लांबलाय.”

मी मटकन खोक्यावर बसलो. मला हसू आलं. दुसरं कडवं लांबलंय हे मला रेकॉर्डिंगच्या दिवसापासून माहीत होतं, पण कुणी बोललं नव्हतं.

“बाला,” आत्या म्हणाली, “तिला पन दमायला झालंय. आन मना पन.”

“स्पीकरवर टाक,” मी म्हटलं.

मग त्या पोडियमवर, अर्ध्या रचलेल्या खुर्च्यांमध्ये बसून, मी फोनवर गायलो. ऋतुजा जवळ आली आणि एका खुर्चीच्या पाठीवर बोटांनी ताल धरला. मी मुद्दाम जरा पुढे गायलो, तालाच्या आधी, आईला जमेल असं. जेवून जा. पाठी नको बघू. आणि तिचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला नावाने हाक मारली.

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज. मग फरशीवरून जाणाऱ्या स्लिपरचा. मग दाराची कडी. आत्या इतकंच म्हणाली, की बरं झालं, आणि फोन ठेवला.

परत आल्यावर अंबरनाथला एक कार्यक्रम झाला. पहिली रांग रिकामी होती, आणि या वेळी खरोखरच रिकामी होती. मी कार्यक्रमानंतर दोघातिघांना विचारून खात्री करून घेतली. आत्या बरी आहे, टीव्ही बघते, परवाच तिला एका लग्नाची सुपारी आली. ‘मांडव’ मी अजून गातो, शेवटी धाडायचं कडवं धरून. आणि दुसरं कडवं दोन ओळींनी लहान केलंय.